टमाट्यांच्या अकरा काठ्या

कुणाच्याही बागेत टमाट्याचं झाड काठीला बांधलेलं दिसलं की मी आधी काठीकडे बघते, झाडाकडे नंतर. काठी कुठून आणली हो, असं विचारूनही टाकते. लोकांना वाटतं, म्हातारीला बागकामाची भारी हौस आहे. हौस कसली डोंबलाची! मी गेल्या कित्येक वर्षांत एक रोप मातीत खोचलेलं नाही. कुंडीतली तुळससुद्धा शेजारीण लावून देते आणि मी फक्त पाणी घालते.

आमचं घर सक्करदऱ्याला, तलावापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, मग न्हाणी आणि न्हाणीच्या मागे वाडी. वाडी म्हणजे काही मोठी शेती नव्हे, परसातला भाजीचा तुकडा, पण बाबांचा जीव त्याच्यात. आई आम्ही शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून बाबा कचेरीतून आले की चहा हातात घेऊन सरळ वाडीत जायचे, आणि आम्हा भावाबहिणीला काही सांगायचं असलं तर आम्हीही तिथेच जायचं. माझ्या परीक्षेचे निकाल, भावाच्या नोकरीचं पत्र, सगळं मी वांग्याच्या नाहीतर टमाट्याच्या ओळीत उभी राहून सांगितलेलं आहे.

काठीच्या बाबतीत बाबा फार कडक होते. रोप लावलं त्याच दिवशी काठी रोवायची, चार बोटं अंतर सोडून. मागाहून रोवली तर मूळ दुखावतं, कारण तोवर ते कुठवर गेलं हे आपल्याला वरून दिसत नाही. बांधायला सुतळी नाही, ती देठाला कापते. जुन्या धोतराची चिंधी घ्यायची, काठीभोवती घट्ट आवळायची आणि झाडाभोवती सैल सोडायची, बोट आत जाईल इतकी. काठ्या दरसाल नव्या, कारण जुन्यांना उधई, म्हणजे वाळवी, लागते. त्या आणायच्या एकाच बुरडाकडून, ओला बांबू चिरून दोन-अडीच हाताच्या केलेल्या. बाबा त्याला दसऱ्याच्या आधीच सांगून ठेवायचे.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. मी सव्वीस वर्षांची होते, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. दोन ठिकाणी पत्रिका जुळली, पण माझी जीभ जुळली नाही. भाऊ माझ्याहून मोठा, त्याचं होऊन चार वर्षं झाली होती. वहिनी कन्हानच्या पलीकडल्या खेड्यातली, शेतकऱ्यांकडली, माझ्याहून वर्षानं लहान. आमच्याकडे सगळं कचेरीतलं मराठी, तिचं सगळं मले-तुले. मी तिची नक्कल करायची आणि ती माझी. ‘ताई शाळेतून आल्या, आता घराची शाळा होते,’ असं शेजारणीला सांगून मोकळी व्हायची. माझा राग तिला कधी झोंबला नाही. मी तोंड सोडलं की ती शांतपणे पोळी लाटत राहायची आणि माझं संपलं की म्हणायची, झालं का, या जेवायला. मला तिच्यासारखी मैत्रीण पुन्हा मिळाली नाही.

तिची दोन लेकरं गेली होती. एक चौथ्या महिन्यात, एक सातव्यात. दुसऱ्या वेळी ती पंधरा दिवस भिंतीकडे तोंड करून निजून होती. त्या साली नवरात्रानंतर तिला पुन्हा दिवस असल्याचं कळलं, आणि आम्ही सगळे तिला तळहाताच्या फोडासारखं जपायला लागलो. बादली उचलायची नाही, विहिरीवर जायचं नाही, स्टुलावर चढायचं नाही. मीसुद्धा आवाज खाली आणला होता, म्हणजे बघा.

दिवाळीआधी बाबांनी टमाट्याची अकरा रोपं लावली. बुरडाच्या काठ्या काही आल्या नाहीत. मग बाबांना ताप आला, छातीत कफ भरला आणि ते अंथरुणाला खिळले. त्या आजारपणात ते फारसं बोलले नाहीत. पण रोज एकदा विचारायचे, काठ्या आल्या का. मी म्हणायची, येतील, तुम्ही पडा. एकदा तर मी वैतागून म्हटलं, बाबा, झाडं कुठे पळून चाललीत का? कार्तिकात एका सकाळी ते गेले.

त्या दिवसाचं एवढंच सांगते. गल्लीतले लोक जमले, आणि सगळ्यांत आधी आमच्या मावशीनं काय केलं असेल तर वहिनीला मागच्या दारानं शेजारी पाठवून दिलं. पोटुशीनं ते पाहायचं नसतं. मढं पाहायचं नाही, तिरडी तर नाहीच, तिची सावलीसुद्धा नको. वहिनी रडत होती, तिला बाबांच्या पायावर डोकं ठेवायचं होतं, पण दोन अपत्यं गमावलेल्या बाईला कोण ठेवून घेणार? ती गेली. मी आत बाबांच्या उशाशी बसले. बाहेर आवारात पुरुषांचं चाललं होतं. बांबू फोडल्याचा आवाज येत होता, कापड टरकावल्याचा आवाज आला. आमच्याकडे बायका ते बघत नाहीत. मीही पाहिलं नाही. बाबांना बाहेर नेलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, ते कुणीतरी मला धरून ओट्यावर बसवेपर्यंत मी उघडले नाहीत.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी मी वाडीत गेले. टमाट्याची झाडं वाढून आपल्याच वजनानं आडवी झाली होती, पानं मातीला टेकली होती. मला इतकं भरून आलं की काय सांगू. बाबा रोज विचारत होते आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. आणि तेवढ्यात न्हाणीच्या भिंतीला टेकवलेल्या काठ्या मला दिसल्या. ओल्या बांबूच्या, चिरलेल्या, दोन-अडीच हाताच्या. मोजल्या तर बरोबर अकरा. शेजारीच विटेखाली दाबून ठेवलेला पांढऱ्या कापडाचा तुकडा होता, हातभर रुंद.

मला वाटलं, बुरडानं पाठवल्या. त्या गडबडीत कुणीतरी घेऊन इथे ठेवल्या असतील, आणि चिंध्यांचं कापड बाबांनी आजारी पडण्याआधी काढून ठेवलं असेल. मी धावत वहिनीला सांगितलं की बाबांच्या काठ्या आल्या. तीही डोळे पुसत वाडीच्या पायरीवर येऊन बसली. मी काठ्या रोवत गेले आणि ती मला चिंध्या करून देत गेली. कापड धड फाटेना. तिनं काठ दातात धरला आणि झटका दिला.

“कोरं हाये वं ताई हे. मामंजी तर धोतराच्या चिंध्या करत.”

मी म्हटलं, घेतलं असेल नवं, आता काय त्यांना विचारायला जायचं? तिनं पुढची चिंधी दातानं फाडली. मी विज्ञान शिकवणारी बाई, डोळे फुटले होते का माझे? जो माणूस पोस्टाची पाकिटं उलटी करून हिशेबाला वापरायचा, तो टमाट्यासाठी कोरं कापड आणेल? पण मला त्या दिवशी बाबांचं काम पुरं करायचं होतं, आणि माणसाला जे करायचं असतं त्यासाठी त्याला सगळं पटतं.

झाडांनी आठवड्यात मान वर केली. तसे टमाटे आमच्या वाडीत त्याआधी लागले नव्हते. वहिनीला त्यांचेच डोहाळे लागले. शिजवलेलं नको, कच्चंच हवं, मीठ लावून. सकाळी एक, दुपारी एक. ती पायरीवर बसून खायची, रस कोपरापर्यंत ओघळायचा, आणि मी तोडून द्यायची. तिच्या तोंडावर तेज आलं होतं. चौथा महिना सरला, तेव्हा भावानं मारुतीला नारळ फोडला. मी मनात म्हटलं, बाबांनीच नातवंडाची सोय करून ठेवली.

पौषात एका रविवारी फाटकाशी सायकल वाजली. बुरड होता. कॅरिअरला काठ्यांची मोळी बांधलेली. गावाकडे त्याची आई आजारी होती, दोन महिने तिकडेच अडकला, बाबूजी रागावले असतील म्हणून आधी इथेच आलो, असं सांगायला लागला. बाबा गेल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं. कळल्यावर तो तिथेच खाली बसला. काठ्यांचे पैसे घेईना.

मी त्याला पाणी दिलं. एकदाच विचारलं की दिवाळीच्या सुमारास तुम्ही एक मोळी पाठवली होती ना, अकराची? तो म्हणाला, नाही बाई, मी नव्हतोच तर पाठवीन कुठून.

मी मागे वळून पाहिलं तर वहिनी पायरीवर बसून टमाटा खात होती.

संध्याकाळी भाऊ आला तेव्हा मी उगाच दुसऱ्याच गोष्टीवरून सुरुवात करून विचारलं, त्या दिवशी बांबू किती आणले होते. तो म्हणाला, तीन. तिरडीला दोन उभे लागतात, तिसरा आडव्या कामट्यांसाठी. कामट्या जास्तीच्या निघाल्या, कापडही उरलं. उरलेलं घरी ठेवायचं नसतं, बरोबरच घाटावर न्यायचं असतं, नेलं असेल कुणीतरी. का गं? मी म्हटलं, सहज. त्यानं पुढे विचारलं नाही, ताटावर बसला. कुणीतरी नेलं असेल, असं त्या दिवशी आवारातल्या प्रत्येक माणसाला वाटलं होतं. नेलं कुणीच नव्हतं.

ज्या गोष्टीची सावली पडू नये म्हणून तिला घराबाहेर काढलं होतं, ती गोष्ट मी तिच्या दातात दिली होती. आणि महिनाभर त्या काठ्यांवर वाढलेलं तिला खाऊ घालत होते. मी सातवीच्या मुलींना शिकवायची की कापड म्हणजे कापूस, आणि बांबू म्हणजे एक जातीचं गवत. तिरडीच्या सावलीवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. पण तिचं तिसरं लेकरू गेलं असतं तर माझा विश्वास काय कामाचा होता?

सांगावं तर कुणाला? वहिनीला सांगितलं तर ती धसक्यानंच जाईल. भावाच्या पोटात काही राहत नाही, तो तिला सांगणार. मी ठरवलं की आपण एकटीनं निस्तरायचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून लवकर आले. वहिनी दुपारची पडली होती. मी एकेक चिंधी सोडली, एकेक काठी उपटली आणि बुरडाच्या नव्या काठ्या रोवल्या. अकरातली एक मोडली, तिचं टोक खालीच राहिलं. मी खुरप्यानं ढोपरभर खणलं, ते काही मिळालं नाही.

काठ्या चुलीत घालता येत नाहीत, बांबू घरात जाळत नाहीत. मी मोळी सायकलला बांधली, चिंध्या पिशवीत कोंबल्या आणि तलावावर नेऊन काठाशी टाकून आले. दुसऱ्या दिवशी जाताना बघते तर चिंध्या तिथेच भिजलेल्या, आणि काठ्या नाहीत. कुणीतरी उचलून नेल्या होत्या. चांगल्या सरळ काठ्या होत्या, कोण सोडतो? कुणाच्या वेलाखाली गेल्या, तिथे कोण खातंपितं होतं, हा विचार माझ्या डोक्यातून कितीतरी वर्षं गेला नाही.

संध्याकाळी घरी आले तर वहिनी वाडीत उभी होती. भर बहरातली झाडं मुळं तुटल्यानं सुकली होती. बाबांनी सांगितलं होतं तसंच झालं. तिनं विचारलं, “काहून काढल्या वं ताई? मामंजीच्या होत्या ना त्या.” आणि हात लांबवून एक पिकलेला टमाटा तोडला. मी तो तिच्या हातातून हिसकावला. भिंतीपलीकडे फेकला. घरात टोपलीभर होते तेही नेऊन गाईपुढे ओतले आणि तिला म्हटलं की पुरे झालं आता, सारखं चरायचं ते, काही ताळतंत्र आहे की नाही?

चरायचं म्हटलं मी. पाच महिन्यांच्या बाईला. माझं तोंडच तसलं, भीतीसुद्धा बाहेर येताना शिवी होऊन येते. तिनं माझ्याकडे पाहिलं. एरवी ती म्हणाली असती, झालं का, या जेवायला. त्या दिवशी ती आत निघून गेली. त्यानंतर तिनं माझी नक्कल केली नाही.

सातव्या महिन्यात भाऊ तिला माहेरी पोचवून आला. वैशाखात मुलगी झाली. जिवंत, धडधाकट, फक्त जराशी बारकी. निरोप आला तेव्हा मी देवासमोर बसून हमसून हमसून रडले, देवाला न मानणारी मी. वाटलं, सुटले. पण पाळण्याच्या दिवशी कन्हानच्या बसमध्ये बसले आणि पुन्हा तेच डोक्यात सुरू झालं. आमच्यात बाराव्या दिवशी पोरीला आत्यानंच घ्यायचं, आत्यानंच कानात नाव सांगायचं. मग जमलेल्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात आणि हसतात. सख्खी आत्या मी एकटी.

वहिनीनं लेक माझ्यापुढे केली. त्या उन्हाळ्याच्या दिवसांतही ती गोधडीत गुंडाळलेली होती, डोळे उघडून बघत होती. मी माझ्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी काठ्या रोवल्या, याच हातांनी तोडून खायला घातलं. ही वाचली आहे, आपण हात लावून आणखी काही करू नये, एवढंच डोक्यात आलं. मी म्हटलं, मला कणकण आहे, लेकराला बाधेल. दुसऱ्या कुणाला नाव सांगायला सांगा. माझ्या चुलत बहिणीनं पोरीला घेतलं आणि कानात नाव सांगितलं. बुक्के तिनं खाल्ले. वहिनी माझ्याकडे बघत होती, आणि तिला काय वाटत असेल हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी फक्त परतीच्या बसची वेळ विचारली.

त्यानंतर मी जरीपटक्याच्या शाळेत बदली मागून घेतली. रोजचं अंतर फार पडतं, या निमित्तानं तिथेच एका सिंधी कुटुंबाच्या माडीवर खोली घेतली. रविवारी मात्र सक्करदऱ्याला जायचीच. फ्रॉक न्यायची, रंगाच्या पेट्या न्यायची, सगळं बाजेवर ठेवायची. हातात दिलं नाही कधी. पोर रांगत माझ्या पायाशी यायची तर मी उठून पाणी प्यायला जायची. ती चालायला लागली, बोलायला लागली, आणि मी दारातल्या खुर्चीवरून बघत राहायची. वाडीत कांदे लागले, मेथी लागली, तरी माझी नजर ते टोक राहिलं होतं त्या जागेवर जायची. तिला साधा खोकला झाला तरी मी हिशेब करायची की आज आपण कुठून गेलो, तिचा टॉवेल तर नाही ना ओढला.

सहाव्या वर्षी तिला टायफॉइड झाला. दवाखान्यात एकवीस दिवस होती. मला वाटलं, आलं ते शेवटी. मी शाळेत रजा टाकली आणि रोज सकाळपासून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून राहिले. आत गेले नाही. एकदा वहिनी बाहेर आली, मला तिथे पाहून थबकली. “तुम्ही जा ताई,” म्हणाली. “रोज नका येऊ.” मी म्हटलं, बसते की इथेच, आत थोडीच येते. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं. मला ते बरोबरच वाटलं. मला वाटलं, तिलाही कुठून तरी कळलंय.

पोर बरी झाली.

ती दहा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या सुटीत, एका दुपारी मी घरी गेले होते. ती आवारात दोरीवरच्या उड्या मारत होती. दोरी पायात अडकली आणि ती माझ्यासमोर तोंडावर आपटली. मी विचार केला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा माझे हात आपले आपण पुढे गेले.

ती मागे सरकली. गुडघ्यातून रक्त येत होतं, डोळ्यात पाणी होतं, तरी ती बसल्या बसल्या मागे सरकली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायला लागली, आईनं पाहिलं की काय म्हणून. मग स्वतःच उठली, लंगडत न्हाणीत गेली. माझे हात तसेच पुढे राहिले होते.

मी आत गेले. वहिनी गहू निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. बुरड, कामट्या, कोरं कापड, तिच्या दातातला तो काठ, तलाव, पाळण्याचा दिवस, दवाखाना. माझा आवाज चढत होता, मी तिच्यावरच रागावल्यासारखी बोलत होते, मला दुसरं बोलताच येत नाही. मी म्हटलं, मी पोरीला हात लावला नाही तो भीतीनं लावला नाही गं, दहा वर्षं माझ्या जिवाचं पाणी पाणी होऊन राहिलं आहे.

वहिनीचा हात सुपात थांबला. ती म्हणाली, “इतकंच होतं?”

मी मान हलवली.

“बाई गं,” ती म्हणाली. “मी समजत होते, तुमचं लगन नाही झालं, लेकरू नाही झालं, म्हणून तुमचा जीव जळते. माझ्या तोंडातला घास काढला तुम्ही. नाव सांगाले नाही म्हटलं. मग मले काय वाटन?” तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. “ताई, मी तुमच्या नावानं मीठमोहऱ्या उतरवत होते. दर रविवारी. तुम्ही फाटकाच्या बाहेर पडल्या की पोरीले पाटावर बसवून उतरवायची, अन् चुलीत टाकायची. दवाखान्यात तुम्ही बाहेर बसून राहत, तं मले वाटे, आता घेऊनच जाते ही बाई माझ्या लेकीले.”

मला हसू आलं की रडू, आठवत नाही. दोघीही जमिनीवर बसून होतो आणि मध्ये गव्हाचं सूप होतं. वहिनीनं माझा हात धरला. तिचा हात गव्हाच्या कोंड्यानं खरखरीत झाला होता. एवढी वर्षं एकाच घरच्या दोघी, एकाच पोरीच्या जिवासाठी, आम्ही एकमेकींना भीत होतो.

पोर न्हाणीतून गुडघा धुऊन दारात आली. वहिनीनं पदरानं तोंड पुसलं, हसायचा प्रयत्न केला आणि तिला म्हणाली, “ये बाई. आत्याच्या मांडीवर बस. दाखव तिले, किती लागलं.”

पोरीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तिच्या चेहऱ्यावर, वर्गात अवघड प्रश्नाचं उत्तर येणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर येतं तसं हसू आलं. तिला वाटलं, आई परीक्षा घेऊन राहिली आहे.

“नाही जात मी,” ती म्हणाली. “मले माहीत हाये ना, आई.”

वहिनीनं पुन्हा एकदा सांगितलं. पोरीनं दाराची चौकट घट्ट धरली आणि मान हलवत राहिली.